जादा दिवे, कच्चे जोड

डोंबिवली पूर्वेला शेअर रिक्षात चौथ्या सीटवर बसायची वेळ आली की मी रस्त्याकडे बघत नाही, हँडलखाली बघतो. मूळ वायरिंगच्या जुडग्यातून तिथे दोन-चार फाटे फुटलेले असतात, काळ्या टेपच्या गाठी असतात आणि घरच्या बोर्डावरून काढून आणल्यासारखा बटणांचा एक डबा स्क्रूने ठोकलेला असतो. एक बटण दाबलं की टपाच्या कडेने निळी पट्टी उजळते. दुसऱ्याने देवाच्या फोटोभोवतीची माळ, तिसऱ्याने मागच्या बंपरवरचे लाल-हिरवे ठिपके. यातलं ब्रेकचं कुठलं, वळण्याचं कुठलं आणि नुसतं हौसेचं कुठलं, हे मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याने अर्ध्या सेकंदात ओळखायचं असतं.

ठाणे, कल्याण, डोंबिवली, भिवंडी या पट्ट्यात गाडीला कंपनीने दिले त्यापेक्षा जास्त दिवे लावणं आता इतकं सर्रास झालंय की त्याकडे कुणी वेगळं बघत नाही. रिक्षावाले लावतात, ट्रकवाले लावतात, मुलाला पहिली बाईक घेऊन दिली की पहिल्या आठवड्यात तोही लावतो. आरटीओ त्याला बेकायदा फेरबदल म्हणतं, दुकानदार सेफ्टी म्हणतो, लावणारा हौस म्हणतो. तिघांचंही थोडं थोडं खरं आहे. माझं म्हणणं इतकंच की जादा दिवा बरा की वाईट हे दोन जागी ठरतं. एक म्हणजे वायरचा जोड, दुसरी म्हणजे मागच्या माणसाची नजर. दिव्याच्या किमतीवर आणि लखलखाटावर त्यातलं फारसं काही ठरत नाही.

ट्रकांपासून सुरुवात करतो, कारण तिथे जादा दिव्याची गरज खरी आहे. उरणच्या बंदरातून निघालेला कंटेनर कळंबोली, कल्याण फाटा, मुंब्रा बायपास, खारेगाव असा येतो आणि पुढे भिवंडीच्या गोदामांकडे किंवा घोडबंदर रस्त्याने गुजरातच्या बाजूला जातो. दिवसा प्रवेशबंदीच्या तासांत अडकलेली ही वाहनं रात्री एकदम सुटतात. अंधारात दुभाजकाच्या फटीतून ट्रेलर वळायला लागला की कॅबिन एका बाजूला असतं, मागचे लाल दिवे दुसऱ्या बाजूला आणि मधला बारा मीटरचा कंटेनर म्हणजे काळी भिंत. बाईकवाल्याला समोर मोकळा रस्ता दिसतो आणि तो त्या 'मोकळ्या' जागेत शिरतो. कडेच्या पिवळ्या दिव्यांची सगळी गरज या एका प्रसंगात आहे. संयुक्त राष्ट्रांच्या ४८ क्रमांकाच्या वाहन-नियमावलीत सहा मीटरपेक्षा लांब वाहनाला बाजूचे मार्कर दिवे सक्तीचे आहेत आणि ते साधारण दर तीन मीटरवर असावेत अशी अपेक्षा आहे. आपल्याकडच्या केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०७ मालवाहू गाडीच्या टपाच्या कोपऱ्यांबद्दल बोलतो. रुंदी २.१ मीटरपेक्षा जास्त असेल तर पुढे वरच्या दोन कोपऱ्यांना पांढरे दिवे आणि मागे वरच्या दोन कोपऱ्यांना लाल, शिवाय रात्री रस्त्यात उभ्या केलेल्या गाडीवरही ते चालू ठेवायचे. मुंब्रा बायपासच्या कडेला बंद पडलेले किती ट्रक हे पाळतात, ते रात्री एकदा जाऊन पाहावं. गाडीमागे दगड मांडलेले असतात, झाडाची फांदी खोचलेली असते. दिवा नसतो.

याचं एक कारण विजेचं आहे. मोठ्या ट्रकची विद्युत व्यवस्था २४ व्होल्टची असते, म्हणजे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या एलईडी पट्ट्या, स्पीकर, चार्जर मात्र १२ व्होल्टचे. मग वायरमन दोन बॅटऱ्यांच्या मधल्या टर्मिनलवरून १२ व्होल्ट 'काढून' देतो. दिवे झकास लागतात, मालक खूश. पण जादा लोड सगळा एकाच बॅटरीवर पडतो. ती रोज थोडी उपाशी राहते, दुसरी रोज थोडी जास्त जेवते आणि काही महिन्यांत दोन्ही निकामी होतात. बॅटरी गेली की ड्रायव्हर आधी बंद करतो ते हे दिवे. २४ व्होल्टचेच मार्कर दिवे घ्यावेत, नाहीतर २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवावा. वायरमनला हे ठाऊक नसतं असं नाही. गिऱ्हाईक थांबायला तयार नसतं.

एलईडी पट्टी लवकर का मरते, याचंही असंच साधं गणित आहे. पांढऱ्या एलईडीला साधारण ३.२ व्होल्ट लागतात. पट्टीत असे तीन-तीन एकापुढे एक असतात, म्हणून ती तीन दिव्यांनंतरच्या खुणेवर कापायची असते. तिघांचे मिळून ९.६ व्होल्ट झाले. बॅटरीचे १२ असतील तर उरलेले २.४ व्होल्ट रेझिस्टरवर पडतात. पण गाडी चालू असताना अल्टर्नेटर १४.४ व्होल्टपर्यंत देतो. मग रेझिस्टरवर ४.८ व्होल्ट येतात आणि पट्टीतला करंट जवळजवळ दुप्पट होतो. दुकानात टेबलावर लावून दाखवलेली पट्टी वर्षभर टिकेल असं वाटतं आणि ती एक पावसाळा काढत नाही. त्यात आपल्याकडचा पाऊस. वरचं सिलिकॉन पिवळं पडून सुटतं, कापलेल्या टोकातून पाणी शिरतं, तांब्यावर हिरवट बुरशीसारखा थर चढतो आणि अर्धीच पट्टी लुकलुकत राहते.

आता इंडिकेटर. इथे सर्वात जास्त गोंधळ होतो आणि सर्वात जास्त पैसे वाया जातात.

इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकावा असा दंडक आहे. ही लुकलुक करतो फ्लॅशर नावाचा डबीएवढा भाग. जुन्या फ्लॅशरमध्ये धातूची एक पट्टी असते. बल्बचा करंट तिच्यातून गेला की ती तापून वाकते, जोड तुटतो, गार झाली की पुन्हा जोड लागतो. दुचाकीचे १० वॅटचे दोन बल्ब मिळून दीड अँपिअरच्या वर करंट घेतात. त्यांच्या जागी एलईडी लावले तर करंट दहावा हिस्साही उरत नाही. पट्टी तापतच नाही आणि दिवा एकसारखा पेटून राहतो. कारमधला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर याच्या उलट वागतो. करंट कमी झाला म्हणजे बल्ब उडाला असं तो समजतो आणि ड्रायव्हरला कळावं म्हणून दुप्पट वेगाने टकटक करायला लागतो. दोन्ही वेळा दुकानदार 'लोड रेझिस्टन्स' टाकून देतो. सहा ओहमचा तो सोनेरी ठोकळा १२ व्होल्टवर दोन अँपिअर घेतो, म्हणजे पेटलेला असताना २४ वॅटची उष्णता टाकतो. वीज वाचवायला एलईडी आणायचा आणि वाचलेली वीज ठोकळ्यात जाळायची, असा हा व्यवहार. तो ठोकळा प्लास्टिकच्या कव्हरला चिकटवला तर कव्हर वितळल्याचेही नमुने पाहायला मिळतात. लोडवर न चालणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर दुचाकीसाठी सहज मिळतो. तो बसवला की प्रश्न मिटतो.

त्याहून सोपी वाट कुणी सांगत नाही. मूळ बल्ब जागच्या जागी ठेवून त्यांच्या जोडीला, त्याच वायरवर, छोटा एलईडी इंडिकेटर जोडला तर फ्लॅशरला फरक कळतही नाही. त्याच्या हिशेबी लोड जवळपास तोच. म्हणजे ज्याला खरंच जादा इंडिकेटर हवा आहे, त्याला काहीच बदलावं लागत नाही. अडचण फक्त जुनं काढून नवं लावणाऱ्याची आहे.

हे मी शहाणपणाने सांगतोय, पण शिकलोय फजितीतून. डोंबिवलीहून शिळ फाटा, मुंब्रामार्गे ठाण्याला बाईकने जायचो त्या दिवसांत मागच्या कॅरिअरवर डबा बसवला होता आणि त्याने दोन्ही इंडिकेटर अर्धे झाकले गेले. म्हणून चारही बल्ब काढून एलईडी इंडिकेटर लावले, नवा फ्लॅशरही टाकला. डावीकडचं बटण दाबलं तर चारही दिवे लुकलुकले, उजवीकडचं दाबलं तरी चारही. मेकॅनिकने आधी स्विच बदलला, मग नवा फ्लॅशर खराब म्हणून दुसरा टाकला, शेवटी 'वायरिंग शॉर्ट आहे' असं जाहीर केलं. काहीच शॉर्ट नव्हतं. मीटरजवळ इंडिकेटरची खूण दाखवणारा एकच बारका बल्ब होता आणि तो डाव्या-उजव्या वायरींच्या मध्ये जोडलेला होता. डावीकडे वीज आली की ती या बल्बातून उजवीकडे जाते आणि उजव्या इंडिकेटरच्या तारेतून अर्थ गाठते. साधे बल्ब असताना एवढ्याशा करंटने उजवीकडची तार लालसुद्धा होत नाही. एलईडीला मात्र तेवढा करंट पुरतो. शेवटी दोन डायोड लावले, वन-एन-४००७ नावाचे. दोन्ही बाजूंनी एकेक डायोड मीटरच्या बल्बकडे, बल्बचं दुसरं टोक थेट अर्थला. दोन-तीन रुपयांचं सामान. स्विचचे आणि दुसऱ्या फ्लॅशरचे पैसे गेले ते गेलेच.

वायरच्या रंगांची एक वेगळीच भाषा आहे आणि ती कंपनीगणिक बदलते. होंडाच्या घराण्यात हिरवी वायर म्हणजे अर्थ आणि काळी म्हणजे किल्ली फिरवल्यावर येणारा करंट. डावा इंडिकेटर केशरी, उजवा आकाशी. यामाहात काळी म्हणजे अर्थ. बजाजमध्ये अर्थला काळ्यावर पिवळी रेघ. एका घराण्यावर हात बसलेला वायरमन दुसऱ्या गाडीची काळी वायर सवयीने पकडतो आणि फ्यूज उडतो, तोही नशीब चांगलं असेल तर. म्हणून रंगावर विसंबू नये, टेस्ट लॅम्प लावून बघावं. जुन्या स्कूटरमध्ये आणखी एक खोच आहे. हेडलाइट बॅटरीवर नसतो, मॅग्नेटोच्या एसीवर असतो. त्या वायरला एलईडी जोडला की तो थरथरतो आणि ॲक्सिलरेटर पिळला की एखाद्या दिवशी उडतो. नव्या कारमध्ये प्रत्येक दिव्याच्या करंटवर कॉम्प्युटर लक्ष ठेवून असतो. मधूनच फाटा काढला की मीटरवर चूक दाखवतो, वॉरंटीच्या वेळी सर्व्हिस सेंटर त्यावर बोट ठेवतं आणि आगीची घटना घडली तर विमा कंपनीही ठेवते.

आणि जोड. सोलून, पिळून, वर टेप, ही आपली राष्ट्रीय पद्धत. एप्रिल-मे महिन्यांत इंजिनाजवळ टेपचा गोंद वितळून पातळ होतो, जुलैत पाणी शिरतं, आणि कल्याण-शिळ रस्त्याचे खड्डे उरलेलं काम करतात. निळ्या क्लिपा मिळतात, पकडीने दाबल्या की आतलं पातं आवरण कापून तारेला टेकतं. घाईला त्या ठीक, पण पातं तारेचे दोन-चार पदर कापतंच आणि थरथरीत उरलेलेही तुटतात. डाख देऊन वर श्रिंक स्लीव्ह चढवावी, किंवा मूळ कप्लरला बसेल असा कप्लर आणून मूळ वायर न कापता फाटा काढावा. पत्र्यातून वायर काढताना भोकाला रबराचं बुश हवंच. ते नसेल तर पत्र्याची कड सहा महिन्यांत आवरण कापते. जादा दिव्यांच्या लाइनला स्वतःचा फ्यूज हवा, दोन-तीन अँपिअरचा, बॅटरीच्या अगदी जवळ. आमच्याकडे मात्र रिले बसवून घेतात आणि फ्यूज विसरतात. पाव अँपिअर खाणाऱ्या मार्कर दिव्याला रिले कशाला हवा? ५५ वॅटच्या दोन फॉगलॅम्पना, नऊ अँपिअरच्या लोडला, तो हवा.

आता कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीत मूळ बांधणीपासून वेगळे फेरबदल करायला मनाई करतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हे कलम कडक वाचलं. उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या स्वरूपाशी विसंगत बदल चालणार नाही, असा त्याचा सारांश. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२-अ मालकाने केलेल्या नियमबाह्य फेरबदलाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद सांगतं. पण निव्वळ एक पिवळा मार्कर दिवा म्हणजे फेरबदल का, यावर वाद घालता येतो. रंगाच्या बाबतीत तो येत नाही. नियम १०८ प्रमाणे पुढून लाल आणि मागून लालखेरीज दुसरा दिवा दिसता कामा नये. इंडिकेटर, रिव्हर्सचा दिवा, नंबर प्लेटचा दिवा असे मोजके अपवाद सोडले तर बाकी सगळं चूक. म्हणजे टपाची निळी पट्टी, मागचे हिरवे ठिपके आणि जाळीतून लाल-निळे लुकलुकणारे दिवे, सगळेच. त्या लाल-निळ्याची हौस तर खास. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचेही लाल दिवे उतरले, पण नगरसेवकाच्या पुतण्याच्या गाडीतले अजून उतरलेले नाहीत.

सरकारने स्वतः जादा दिव्याचा प्रयोग केला तो आपल्याच महानगर प्रदेशात. २०२० च्या सुरुवातीला काळ्या-पिवळ्या टॅक्सींच्या टपावर तीन रंगी एलईडी दिवा लावायचं ठरलं. गाडी रिकामी असेल तर हिरवा, भाडं असेल तर लाल, सेवेत नसेल तर पांढरा. कल्पना वाईट नव्हती, लंडनच्या टॅक्सीवर कित्येक दशकं असा दिवा आहे. मग करोना आला, मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली आणि त्या दिव्याची सवय ना ड्रायव्हरला लागली ना प्रवाशाला. दिवा बसवून भागत नाही, तो वाचणारे तयार व्हावे लागतात. ते तयार होईपर्यंत लोक हात करतात आणि ड्रायव्हर मान हलवतो, तोच आपला तीन रंगी सिग्नल.

जादा दिव्याने अपघात खरंच कमी होतात का? यावर जगात नीट मोजमाप झालंय आणि ते बोलकं आहे. १९७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जॉन व्होएव्होड्स्की या मानसशास्त्रज्ञाने टॅक्सींच्या मागच्या काचेखाली तिसरा ब्रेक लाइट लावला. त्या टॅक्सींना मागून होणाऱ्या धडका साध्या टॅक्सींच्या तुलनेत ६० टक्क्यांनी कमी झाल्या. अमेरिकेने १९८६ च्या मॉडेलपासून तो दिवा सगळ्या कारना सक्तीचा केला. १९९८ मध्ये सरकारी खात्याने पुन्हा हिशेब केला तेव्हा टिकाऊ फायदा उरला होता ४.३ टक्के. दिवा तोच होता, लोकांच्या नजरेला तो नवा राहिला नव्हता. तरीही ४.३ टक्के म्हणजे कमी नाही, आणि त्याचं श्रेय मला वाटतं जागेला आणि अर्थाला आहे. तो दिवा डोळ्यांच्या उंचीवर लागतो आणि एकच गोष्ट सांगतो. तिथल्याच २००९ च्या अभ्यासात लाल इंडिकेटरऐवजी पिवळा असला तर धडका ५.३ टक्क्यांनी कमी दिसल्या. ब्रेकचा रंग आणि वळण्याचा रंग वेगळा, एवढंच त्यामागचं कारण. आपल्याकडे इंडिकेटर पहिल्यापासून पिवळे आहेत आणि आपण ते काढून पांढरे-निळे 'धावते' दिवे लावतो.

एलईडीचा एक फायदा मात्र निर्विवाद आहे. साध्या बल्बची तार तापून पूर्ण उजळायला सेकंदाचा साधारण पाचवा हिस्सा जातो, एलईडी तत्काळ पेटतो. ताशी ६० किलोमीटरने येणाऱ्या मागच्या गाडीला त्यामुळे तीनेक मीटर जास्त मिळतात. पत्री पुलावरच्या गर्दीत तीन मीटर म्हणजे मध्ये एक आख्खी बाईक. म्हणून ब्रेक लाइट एलईडीचा करावा, खुशाल करावा. पण लुकलुकणारा नको. शर्यतीच्या गाड्यांचं नाव घेऊन विकला जाणारा तो ब्रेक लाइट दर वेळी पाच-सहा वेळा चमकून मग स्थिर होतो. युरोपात लुकलुकणारा ब्रेक फक्त ताशी ५० च्या वर जोरात करकचून दाबल्यावर लागतो, कारण त्याचा अर्थ 'संकट' असा ठरलाय. सिग्नलच्या रांगेत हळूहळू पुढे सरकताना दर वेळी संकट जाहीर करणाऱ्याचं चौथ्या वेळी कोण ऐकणार?

ज्याला वायरिंगला हातच लावायचा नाही, त्याच्यासाठी उजेड परत फेकणाऱ्या टेपा आहेत. पुढे पांढरी, कडेला पिवळी, मागे लाल. तिला बॅटरी लागत नाही, फ्यूज लागत नाही, पावसात ती धुऊन निघते. उसाच्या हंगामात पश्चिम महाराष्ट्रातले कारखाने ट्रॉल्यांना आणि बैलगाड्यांना असे रिफ्लेक्टर लावून देतात. भिवंडीच्या ट्रकांच्या टेपांवर मात्र चिखलाचा एवढा थर असतो की ओल्या फडक्याने पुसणं हाच सर्वात स्वस्त जादा दिवा म्हणता येईल.

गेल्या पावसाळ्यात कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजला गेलो होतो. घाटात धुकं इतकं की बोनेटपुढे पाच-सहा गाड्यांचे नुसते ठिपके. पुढच्या गाडीवर कडेला पिवळे, टपावर पांढरे, खाली निळे असे दिवे होते आणि चारही इंडिकेटर एकदम लुकलुकत होते, सुरक्षेसाठी. धबधब्यापाशी ती एकाएकी उजवीकडे वळली. तिने उजवा इंडिकेटर दिलाही असेल. चार लुकलुकत्या दिव्यांत तो मला दिसणार कसा? मला दिसला तो मधोमध, काचेखाली लागलेला एकच लाल दिवा, आणि पाय ब्रेकवर गेला.